जबडा, कपाळ आणि पहिली खुर्ची

दवाखान्याच्या फॉर्मवर ओडिलियानं सगळं खरं लिहिलं होतं. वय अडतीस. काम, दुधाचा टँकर चालवणे. सिगारेट नाही, बिअर शनिवारी, खेळ कुठलाच नाही. छंदाच्या रकान्यापाशी ती जरा अडली आणि मग तिनं ‘बागकाम’ लिहून टाकलं. तेही फुगवूनच, कारण बाग आईची. हिचं काम गवत कापायचं, आणि तेही चारदा सांगितल्यावर.

बँडचं नाव तिनं कुठेच काढलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. वेर्सहोव्हनमध्ये बँड हा काही छंद नसतो. बेल्जियमच्या सीमेलगत, लिंबुर्खच्या टेकड्यांतल्या त्या गावात मूल जरा मोठं झालं की त्याच्या हातात पितळेचं काहीतरी देतात, आणि ते दात पडेपर्यंत हातात राहतं. दर शुक्रवारी संध्याकाळी कॅफेच्या माडीवर तालीम. जो येत नाही त्याची चौकशी आजारी माणसासारखी होते. आता ‘मला दोन मावश्या आहेत’ असं फॉर्मवर कुणी लिहितं का? ओडीच्या लेखी बँड त्याच जातीचा. त्यामुळे शहरातल्या कुठल्याही बाईनं केली नसती अशी चूक हिनं केली, आणि ती कळली कधी, तर मार्च महिन्यात, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, चेहऱ्यावर रेघा मारून झाल्यावर.

रेघा मारणाऱ्या डॉक्टर हेलेवाउट. बेल्जियमच्या, उंच, तुटक बोलणाऱ्या, हातात जांभळं पेन. ऑक्टोबरात पहिल्या भेटीतच त्यांनी फोटो काढले, कवटीचा स्कॅन काढला आणि एकेक गोष्ट टेबलावर मांडली. काय काय करता येतं, त्यातलं हिला काय लागेल, काय लागणार नाही. भुवयांच्या वरचा हाडाचा उंचवटा सपाट करता येईल, त्याच कापात केसांची रेषा बोटभर पुढे आणता येईल. जबड्याचे कोपरे घासता येतील, हनुवटी अरुंद करता येईल. नाक आणि ओठ यांच्यामधलं अंतर कमी करून वरचा ओठ थोडा उचलता येईल. नाकाचंही काय काय होतं, पण ओडी म्हणाली, नाक आजीचं आहे, ते राहू द्या. गळ्याच्या घाटीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, तुमची दिसतच नाही, उगाच कशाला कापायची? हे उत्तर ओडीला फार आवडलं होतं. विकायला बसलेली बाई असं बोलत नाही.

तर ठरलं होतं कपाळ, जबडा, हनुवटी आणि वरचा ओठ. त्या सकाळी रेघा मारून झाल्या आणि डॉक्टरांनी शेवटचं म्हणून सांगायला सुरुवात केली.

“नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. वजन उचलायचं नाही, फुगे फुगवायचे नाहीत.”

“आणि फ्लुगल?” ओडीनं विचारलं.

“काय?”

“फ्लुगलहॉर्न. ट्रम्पेटची बहीण, पण अंगानं भरलेली. वाजवते मी, बँडमध्ये.”

“कधीतरी ना?”

“रोज दोन तास. सत्तावीस वर्षं झाली. त्यातली अकरा पहिल्या खुर्चीवर.”

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण लावणं ओडीला काही बरं वाटलं नाही.

“फॉर्मवर तुम्ही बागकाम लिहिलंय.”

“ते आईचं आहे,” ओडी म्हणाली.

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसल्या. रागावल्या नाहीत, पण एक शब्दही गाळला नाही. भुवयांच्या मागे हाडात एक पोकळी असते, हवेनं भरलेली, नाकाशी जोडलेली. तिची पुढची भिंत काढायची, घासायची, थोडी आत सरकवून बारीक स्क्रूंनी बसवायची. ती धरेपर्यंत आतून दाब आला तर सगळा खेळ बिघडेल. म्हणजे दोन महिने हॉर्नला तोंड लावायचं नाही. हे एक वेळ सोपं. जबडा आणि हनुवटी तोंडाच्या आतून करतात, आणि खालच्या ओठाला जाणीव देणारी नस नेमकी तिथूनच जाते. ती सांभाळतात, पण दुखावते. खालचा ओठ बधिर होतो. कुणाचा दोन महिने, कुणाचा वर्षभर. कुणाचा एखादा कोपरा कायमचा तसाच राहतो.

“टँकर चालवायला ओठ लागत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “हॉर्नला लागतो. वरच्या ओठाचं तर मी आता करणारच नाही, तुम्ही म्हणालात तरी. कपाळ करू या. जबड्याचं नंतर बघू. किंवा सगळंच पुढं ढकला, जूनमध्ये तारीख आहे. दहा मिनिटं घ्या.”

दहा मिनिटं ओडी एकटी बसली, तोंडावर जांभळ्या रेघा घेऊन. गाव तिला गेली पाच वर्षं ओडिलिया म्हणत होतं, त्याआधी पुरुषाच्या नावानं हाक मारायचं. ज्या शुक्रवारी तिनं बँडमास्तरांना आपण बाई आहोत असं सांगितलं, त्याच शुक्रवारी ते तालमीत उभे राहून म्हणाले होते, “पहिली फ्लुगल आजपासून ओडिलिया आहे. चाळिसाव्या मात्रेपासून घ्या.” संपलं. लोक कुजबुजले, दोघं-तिघं तोंड वाकडं करून बसले, पण चाळिसाव्या मात्रेपासून सगळ्यांनी घेतलं. त्रास गावाचा नव्हता. त्रास होता तो टँकर घेऊन नव्या गोठ्यावर गेलं की येणारा. “या साहेब” आणि मग जीभ चावून “अरे, बाई, माफ करा.” दिवसातून चारदा माफी ऐकायची, चारदा “असू दे” म्हणायचं. माणूस त्यानंही झिजतो.

आणि दुसरं एक होतं, जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. अकराव्या वर्षी हातात फ्लुगल आली तेव्हा तिला पहिलं सुख कशाचं झालं असेल, तर त्या घंटेसारख्या पितळी तोंडामागं आपलं तोंड दडतं याचं. बँडच्या प्रत्येक फोटोत तिच्या ओठाला हॉर्न. वर टोपी, खाली हॉर्न, मधल्या दोन डोळ्यांवर तिनं सत्तावीस वर्षं काढली होती. लोक म्हणायचे, काय वेड आहे हिला वाजवायचं. वेड होतंच. पण निम्मं वेड लपण्याचं होतं, आणि उरलेलं निम्मं खरं किती हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

डॉक्टर परत आल्या तेव्हा ती म्हणाली, “कपाळ करा, जबडा करा, हनुवटी करा. ओठ राहू दे.”

“ओठ बधिर राहिला तर?”

“तर बधिर ओठानं शिकेन. मागं लपून वाजवता येतं हे माहिती आहे मला. उघड्या तोंडानं येतं का ते बघायचंय.”

ऑपरेशन साडेसहा तास चाललं आणि ठीक झालं. तिसऱ्या दिवशी आई, म्हणजे ट्रूडबाई, तिला गाडीतून घरी घेऊन निघाली. तिसरा दिवस सुजेचा सगळ्यात वाईट. डोळ्यांच्या जागी दोन फटी, गाल कानांना भिडलेले, जबड्याभोवती पट्टा. बेल्जियमची सीमा ओलांडेपर्यंत ट्रूडबाई रस्त्याकडेच बघत होती. मग म्हणाली, “कोबी झालाय तुझा.”

“हसवू नकोस. टाके आहेत.”

“हसवत नाहीये. कोबीच झालाय.”

पहिला आठवडा बसून झोपण्यात आणि गाळलेलं सूप पिण्यात गेला. सूप खालच्या ओठावरून हनुवटीवर कधी उतरलं ते ओडीला कळायचंच नाही. आई टॉवेल घेऊन समोर बसायची आणि बोट दाखवायची. डोक्याचा पुढचा भाग बधिर होता, तरी त्याला खाज सुटायची, आणि खाजवलं तर दुसऱ्याचंच डोकं खाजवल्यासारखं वाटायचं. दहाव्या दिवशी केसांच्या रेषेतले टाके निघाले. हॉर्नचा माउथपीस ट्रूडबाईनं पहिल्याच दिवशी काढून ॲप्रनच्या खिशात टाकला होता आणि ती तो घेऊनच बाजारात जायची.

“मी काय लहान आहे का?” ओडी म्हणाली.

“लहान असतीस तर भरवसा ठेवला असता.”

दुसऱ्या आठवड्यात बँडमास्तर आले. फुन्स त्यांचं नाव, वय एकाहत्तर, शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, पण बँडमधून कुणी निवृत्त करायची हिंमत केली नव्हती. येताना चेरीची व्लाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पाय, घेऊन आले, ती कडक बुडाची, जी चावायला हिला अजून महिना होता. ट्रूडबाईनं ती त्यांच्यासमोरच कापली आणि दोघांनी मिळून निम्मी खाल्ली.

“दुखतं का गं?” फुन्सनी विचारलं.

“हसलं की.”

“बरं, मी गंभीर बसतो. ऐक पोरी. वरून खालपर्यंत सगळी समिती माझ्या बाजूनं आहे. सप्टेंबरातल्या स्पर्धेला पहिली खुर्ची तुझीच. तोवर तुझी शिष्या मौड सांभाळेल. तू ये तेव्हा ये. नियमबियम गुंडाळून ठेव.”

नियम असा होता की सलग बारा तालमी चुकवणाऱ्यानं आपली खुर्ची पुन्हा वाजवून मिळवायची. आजारी असो, बाळंत असो, परदेशी असो. शंभर वर्षांचा नियम, आणि फुन्सनी तो स्वतःच्या सख्ख्या भावाला लावला होता. भाऊ हरला, तीन वर्षं बोलला नाही.

ओडीचं डोकं तापलं. बधिर ओठानं शब्द नीट येत नव्हते, तरी ती बोललीच. “तुमच्या भावाला लावलात आणि मला नाही? का?”

“तुझं वेगळं आहे गं. तू किती सोसलंस.”

“फुन्सकाका, पाच वर्षांत मला लोकांनी काय काय म्हटलं, मी उत्तरं दिली. ‘बिचारी’ कुणी म्हटलं नव्हतं. पहिले तुम्ही.”

फुन्सनी काटा खाली ठेवला. ते गोरेमोरे झाले. “मी तसं म्हटलं नाही.”

“म्हटलंत. खुर्ची फुकट मिळाली तर जन्मभर लोक मागून म्हणतील की ऑपरेशन करून आली म्हणून बसवली. नियम लावा. हरले तर हरले.”

“हरलीस तर ती खुर्ची तुला परत नाही मिळायची, कळतंय का? मौड चोवीस वर्षांची आहे. ती तिथं तीस वर्षं बसेल.”

“कळतंय.”

“हट्टी आहे,” ट्रूडबाई तिसरा तुकडा कापत म्हणाली. “आधीही होती. हाड घासलं, हट्ट नाही घासला.”

मग फुन्सनी कबूल केलं. परीक्षा सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी. नेहमीसारखी, म्हणजे बँडमास्तर वादकांकडे पाठ करून बसणार. तोवर ओडीनं तालमीला यायचं नाही आणि त्यांनी तिचं वाजवणं ऐकायचं नाही. ही शेवटची अट तिनंच घातली.

मे महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन काढला, कपाळावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, हाड धरलंय, हळूहळू फुंका. त्याच आठवड्यात ओडी टँकरवर परत गेली. सूज बरीच उतरली होती, थोडी वर्षभर राहणारच होती. पहिल्याच दिवशी खालच्या खोऱ्यातल्या नव्या गोठ्यावर एक तरुण शेतकरी पुढे आला, “बाई, पाइप त्या बाजूनं घ्या, इथं चिखल आहे,” म्हणाला आणि गेला. अडखळला नाही, थांबला नाही, माफी मागितली नाही. तिला इतका आनंद झाला की झडप बंद करायची विसरली आणि वीस लिटर दूध चिखलात गेलं. वरच्या गोठ्यावरच्या म्हाताऱ्यानं तर विचारलं, “आधीची ती उंच बाई रजेवर का?” ओडी म्हणाली, “तीच मी.” म्हाताऱ्यानं चष्मा पुसला. “मग बरी झालीस म्हणायची,” तो म्हणाला. त्याचा काय समज झाला होता कोण जाणे.

चेहऱ्याबद्दल तिला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. हे सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की झाला असेल.

हॉर्न ओठाला लावला तो दिवस मात्र वाईट गेला. आईनं माउथपीस परत दिला, ओडीनं फुंकलं, आणि गाय पाणी पिताना फुरफुरते तसा आवाज आला. खालच्या ओठाचा डावा कोपरा तिच्या ताब्यातच नव्हता. ओठ माउथपीसवर आहे की खाली घसरलाय तेच कळेना. हवा डावीकडून निसटायची, लाळ गळायची. सत्तावीस वर्षांत जे न बघता केलं ते आता बघितल्याशिवाय होईना.

म्हणून तिनं आरसा आणला. न्हाणीघरातला काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभा केला आणि रोज दोन तास त्याच्यासमोर बसायला लागली. ज्या बाईनं आयुष्यभर दात घासताना नळाकडे बघितलं होतं, ती आता स्वतःच्या तोंडाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. नुसतं बघत नव्हती, अभ्यास करत होती. माउथपीस केसभर उजवीकडे, केसभर वर. हॉर्नचा कोन खाली, म्हणजे ओठ आरशात दिसेल. त्यानं हॉर्न तोंडावरून उतरला तो उतरलाच. आता वाजवताना तिचं सगळं तोंड दिसायचं, हनुवटीसकट.

आवाज परत आला, पण तो नव्हे. आधीचा तिचा सूर रुंद होता, झळाळता, चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोक म्हणायचे, ऐका, ओडी. हा नवा लहान होता. खालच्या पट्टीत जरा खरखर, वरती हवा थोडी जास्त. जोर लावला की फाटायचा, म्हणून जोर लावता येत नव्हता. प्रत्येक स्वर हळूच हाताला धरून न्यावा लागायचा. पहिल्या पंधरा दिवसांत ती दोनदा रडली. एकदा रागानं आणि एकदा दमून.

जूनमध्ये देवाची मिरवणूक निघाली. फुटपाथवर, आईशेजारी, ओडी आयुष्यात पहिल्यांदा आपला बँड बाहेरून ऐकत उभी राहिली. पितळ वळणावरून आलं आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण पहिली फ्लुगल ती स्वतः वाजवत होती. तोच रुंद सूर, शेवटच्या स्वरावर तीच थोडीशी थरथर. वाजवत होती अर्थात मौड. नवव्या वर्षापासून ओडीनं तिला शिकवलं होतं, आणि मौडनं जसंच्या तसं उचललं होतं.

“तुझ्यासारखंच वाजवते,” ट्रूडबाई म्हणाली.

“नाही. आता तीच तशी वाजवते,” ओडी म्हणाली. आणि ते खरं होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मौड अंगणात येऊन सायकल न टेकवताच उभी राहिली. गावच्या शाळेत शिकवायची ती, पोरांवर ओरडून ओरडून घसा बसलेला.

“ताई, मला खुर्ची नको.”

“का? पाय मोडलेत तिचे?”

“चेष्टा नको. लोक म्हणतील, गुरूची खुर्ची पळवली. मी त्या दिवशी दोन चुका करते. कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल,” ओडी म्हणाली. “मौड, तुला एकदाच सांगते. मुद्दाम एक स्वर जरी पाडलास ना, तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. मी त्या नियमासाठी फुन्सकाकांशी भांडले आणि तू मला मागल्या दारानं भीक घालतेस होय?”

मौडचे डोळे भरले. “मग मी खरंच जिंकेन हं. मी चांगली वाजवते.”

“माहिती आहे. मीच शिकवलंय.”

“आणि तू?”

“मी वेगळी वाजवते.”

“ऐकव ना.”

“शुक्रवारी.”

सप्टेंबरचा पहिला शुक्रवार. कॅफेची माडी भरली होती. परीक्षा ऐकायला सगळा बँड बसतो, पण कुणी खोकायचंसुद्धा नाही असा दंडक. फुन्स खुर्ची घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले, कोट टांगायच्या खुंट्यांसमोर. चिटणीस वील, गावातला छप्परवाला, अंगानं दांडगा आणि पायानं मांजर, त्यानं टोपीतून दोन चिठ्ठ्या काढल्या आणि दोघींच्या हातात दिल्या. मौड एक, ओडी दोन. दोघींनी बूट काढले, कारण फुन्स गावातला प्रत्येक पाय आवाजावरून ओळखायचे. मोज्यांवर दोघी पुढे आल्या. वाजवायचा तुकडा एकच, स्पर्धेच्या रचनेतला फ्लुगलचा एकटीचा भाग, अडीच मिनिटांचा, शेवटी एक लांब, खूप लांब स्वर.

“एक नंबर,” वील म्हणाला.

मौडनं वाजवलं, आणि शब्दाला जागली. एक स्वर पडला नाही. रुंद, झळाळता, उंच गेला तिथं खिडकीच्या काचा हलल्या. शेवटच्या स्वरावर ती थोडीशी थरथर. बाकांवर माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि कोपऱ्यात बसलेल्या ट्रूडबाईनं ॲप्रनचा खिसा घट्ट धरला, त्यात आता काही नव्हतं तरी. फुन्सची पाठ वाकलेली होती. त्यांनी एकदा हात उचलून डोळ्यांपाशी नेला.

“दोन नंबर.”

ओडीनं हॉर्न उचलला, नेहमीसारखा खाली झुकता. इथं आरसा नव्हता. समोर साठ माणसं होती आणि त्यांच्यासमोर तिचं सगळं तोंड उघडं होतं, कपाळ, गाल, हनुवटी. लपायला काही नाही. तिला वाटलं होतं भीती वाटेल. नाही वाटली. तिनं ओठ लावला, डावा कोपरा आहे असं धरून चालली, आणि फुंकलं.

पहिला स्वर इतका हळू आला की मागच्या बाकावरचे पुढे झुकले. ती जोरात गेलीच नाही. जिथं मौडनं काचा हलवल्या तिथं हिनं स्वर तसाच धरून ठेवला, आत, आणि तो खाली उतरेपर्यंत कुणी श्वास सोडला नाही. मधे एकदा डावीकडून हवा निसटली, फस्स झालं. तिनं ते झाकलं नाही, पुढे गेली. अडीच मिनिटांचा तुकडा तिनं कुणाला काहीतरी सांगावं तसा शेवटपर्यंत सांगितला, आणि शेवटचा लांब स्वर थरथर न करता सरळ ठेवला, तो संपला कधी ते नीट कुणालाच कळलं नाही.

वील म्हणाला, “झालं. मास्तर, सांगा.”

फुन्स वळले नाहीत. नियमाप्रमाणे नंबर सांगितल्यावरच वळायचं. बोलले तेव्हा आवाज हेडमास्तरांचा नव्हता.

“एक नंबर कोण ते मला कळलं. चालत नाही, पण कळलं. तो सूर मी झोपेतही ओळखीन. सत्तावीस वर्षं ऐकलाय. पोरी, सगळा परत आणलास गं तू. एवढं सगळं सोसून जसाच्या तसा परत आणलास. मी उन्हाळाभर देवाला हेच मागत होतो.”

मौड तोंडावर हात घेऊन ओडीकडे बघत होती. दिली खुर्ची, ओडीला वाटलं. दया केली, आणि तीही चुकीच्या माणसावर. वीलनं तोंड उघडलं, पण ओडीनं बोट ओठावर ठेवून त्याला गप्प केलं. नंबर अजून आला नव्हता.

“पण तू म्हणालीस नियम लावा,” फुन्स भिंतीला म्हणाले. “दोन नंबर तुझ्यासारखी नाही. आवाज लहान आहे, एका जागी हवा गेली. कोण आहे मला माहीत नाही, मौड असेल तर ती इतकी कधी वाढली तेही कळलं नाही मला. पण तिनं मला पहिल्यांदा सांगितलं त्या तुकड्यात काय आहे ते. खुर्ची दोन नंबरची. ओडी, मला माफ कर.”

आणि ते खुर्ची फिरवून वळले, गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. समोर दोघी मोज्यांवर उभ्या होत्या. त्यांनी आधी मौडकडे बघितलं, मान हलवून शाबासकी द्यायला. मौडनं नाही म्हणून डोकं हलवलं आणि हातातली एक नंबरची चिठ्ठी वर धरली. ती रडत होती आणि हसत होती.

फुन्स सावकाश दुसरीकडे वळले. ओडीच्या हातात दोन नंबरची चिठ्ठी होती, घामानं भिजलेली.

“मग तो,” ते म्हणाले, आणि तिच्या चिठ्ठीकडे बोट केलं. “तो लहान सूर कुणाचा होता?”

“माझा,” ओडी म्हणाली. “ओळख करून घ्या.”